खाटेजवळचे शास्त्र

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात रात्री-अपरात्री कुणाच्या छातीत कळ आली, की रिक्षा धावते ती बहुतेक वेळा कूपर रुग्णालयाकडे. महापालिकेचे हे रुग्णालय जुहू-विलेपार्ल्याच्या भागात आहे आणि अंधेरी पश्चिमेतल्या असंख्य कुटुंबांना त्याचाच आधार आहे. अपघात विभागात स्ट्रेचर पोहोचले, की डॉक्टर येतात, तपासतात, औषधे सांगतात आणि पुढच्या रुग्णाकडे वळतात. त्यांना वळावेच लागते. पण दंडाला पट्टा बांधून शीर शोधणारी, ऑक्सिजनचा मास्क नीट बसला आहे ना हे पाहणारी, नातेवाइकांना बाजूला घेऊन ‘यांना आधी कसल्या गोळ्या चालू होत्या?’ असे विचारणारी आणि पहाटे चारच्या सुमारास रुग्णाच्या श्वासाची लय बदलल्याचे सर्वांत आधी ओळखणारी व्यक्ती एकच असते. ती तिथून हलत नाही. तिची ड्युटी संपली, की दुसरी सिस्टर ‘ओव्हर’ घेते आणि काम पुढे चालू राहते.

याच परिसरात चार बंगल्याजवळ २००९ मध्ये कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालय सुरू झाले. अशा मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात एकेका खाटेभोवती व्हेंटिलेटर, मॉनिटर, इन्फ्युजन पंप यांची दाटी असते आणि त्या यंत्रांवरचे आकडे रात्रभर वाचून त्यांचा अर्थ लावण्याचे काम नर्स करते. यारी रोडवरच्या एखाद्या इमारतीत अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या आजोबांसाठी ब्युरोतून ‘सिस्टर’ मागवली जाते. तिचे प्रशिक्षण किती झाले आहे, हे विचारायचे घरच्यांना पुष्कळदा सुचतही नाही. आणि कोळीवाड्याच्या गल्लीतून, वाळत घातलेले बोंबील आणि दुरुस्तीला काढलेली जाळी यांच्यामधून वाट काढत लसींचा डबा घेऊन जाणारी एएनएमही (सहायक परिचारिका-प्रसाविका) याच व्यवसायातली आहे.

लोकांना नर्सचे काम दिसते ते एवढे: इंजेक्शन, सलाईन, ताप पाहणे, औषध देणे. त्याबद्दल लोक कृतज्ञही असतात. बारा मे आला, की फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार घातला जातो आणि सेवा, त्याग, ममता यांवर भाषणे होतात. त्या भाषणांत एक गोष्ट सहसा येत नाही. नर्सिंग हे स्वतंत्र शास्त्र आहे. त्याचे स्वतःचे प्रश्न आहेत, ते सोडवण्याच्या पद्धती आहेत आणि मिळालेली उत्तरे पुढच्या पिढीला शिकवण्याची व्यवस्था आहे. शुश्रूषा, संशोधन आणि शिक्षण या तिन्ही गोष्टी एकाच कामाच्या आहेत. खाटेजवळ प्रश्न पडतो, मोजमाप करून त्याचे उत्तर शोधले जाते, ते उत्तर वर्गात शिकवले जाते आणि शिकलेली मुलगी ते पुन्हा खाटेजवळ घेऊन येते. हा फेरा कुठेही तुटला, तर नुकसान रुग्णाचे होते. पुढच्या पानांत नर्सच्या कामाच्या या तीन अंगांचा विचार आहे आणि त्यांचे एकमेकांशी असलेले नाते वाचकापुढे ठेवणे एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

मुंबईत या व्यवसायाची मुळे खोल गेली आहेत. भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय १८४५ चे. डॉ. एडिथ पेची १८८३ च्या अखेरीस इंग्लंडहून मुंबईत आल्या आणि १८८६ मध्ये उघडलेल्या कामा रुग्णालयाची जबाबदारी त्यांनी घेतली. स्त्री डॉक्टरांनी स्त्रियांसाठी चालवलेल्या त्या रुग्णालयात त्यांनी नर्सना शिकवण्याची सोयही केली. १८९१ मध्ये जे. जे. मध्ये शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत पहिली भारतीय शिकाऊ नर्स म्हणून घेतले जाते. पाठ्यपुस्तक त्यांच्याबद्दल एका ओळीपेक्षा जास्त काही सांगत नाही. त्या काळी घराबाहेर पडून परक्या माणसाच्या अंगाला हात लावण्याचे, त्याचे मलमूत्र आवरण्याचे काम पत्करणे म्हणजे काय, याचा अंदाज त्या एका ओळीवरून वाचकाने बांधायचा.

पुण्यात स्त्रियांनी हे काम पत्करण्याचा प्रश्न रमाबाई रानड्यांनी थेट हाती घेतला. १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुणे सेवासदनातून त्यांनी तरुण विधवांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवले. पांढरपेशा घरांना हे काम हलके वाटत होते आणि विटाळाच्या, सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पना आड येत होत्या. एकेका मुलीच्या घरच्यांची समजूत काढावी लागे. तरी मुली गेल्या, शिकल्या आणि कमावू लागल्या. महाराष्ट्रात स्त्रियांच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना शाळा आणि वसतिगृहे आठवतात. ससूनच्या वॉर्डातली ही शाळाही त्याच इतिहासाचा भाग आहे.

एवढे होऊनही स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशाची स्थिती बिकट होती. १९४६ च्या भोर समितीने मोजले, तेव्हा साऱ्या देशात नर्स होत्या जेमतेम ७,०००. म्हणजे सुमारे ४३,००० लोकांमागे एक. समितीने १९७१ पर्यंत ७,४०,००० नर्सचे लक्ष्य सुचवले. १९४६ मध्येच दिल्लीत आणि वेल्लोरला नर्सिंगचे पदवी शिक्षण सुरू झाले. १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा आला. मुंबईत १९६४ मध्ये श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय काढले. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापलेल्या विद्यापीठाने नर्सिंगला पदवीचा मान द्यावा, हे त्या संस्थेच्या परंपरेला साजेसेच झाले. तोवर नर्स रुग्णालयाच्या शाळेत तयार होत असे, आणि शिकता शिकता ती वॉर्डातले मनुष्यबळही पुरवत असे. महाविद्यालयामुळे तिच्या हाती ग्रंथालय आले, शरीरशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र आले. त्याच वेळी वर्ग आणि वॉर्ड यांच्यातले अंतरही वाढले. त्याबद्दल पुढे बोलू.

आधी नर्सिंगमध्ये शास्त्र कुठे आहे, ते एका साध्या कृतीत पाहू. ती कृती म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणे.

दर दोन तासांनी हे करायचे असते. दोघी खाटेच्या दोन बाजूंना उभ्या राहतात. रुग्णाच्या पाठीखालच्या आडव्या चादरीची टोके गुंडाळून घट्ट धरतात आणि एकदमच उचलतात, कारण माणूस ओढला, तर चादरीशी घासून त्याची नाजूक कातडी सोलवटते. मग त्याला एका कुशीवर वळवायचे, पण पूर्ण काटकोनात नाही. किंचित कलता ठेवायचा, म्हणजे कमरेच्या बाजूच्या हाडावर सगळा भार येत नाही. पाठीला उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा गादीला न टेकता अधांतरी. मग माकडहाडावरची कातडी पाहायची. लाल दिसली तर तिथे बोट दाबून सोडायचे. दाबल्यावर पांढुरकी होऊन पुन्हा लाल झाली, तर अजून वेळ गेलेली नाही. दाबूनही लालीच राहिली, तर आतल्या पेशी मरायला सुरुवात झाली आहे. अंग पुसायचे, चादरीची चुणी मोडायची, कॅथेटरची नळी अंगाखाली अडकली नाही ना ते बघायचे आणि वहीत वेळ लिहायची. दोन तासांनी पुन्हा.

पूर्वी यासोबत पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावण्याची पद्धत होती आणि ती वर्गात रीतसर शिकवली जाई. वेगवेगळ्या वॉर्डांत वेगवेगळी मलमे चालत. त्यांतल्या कशाचा उपयोग होतो, हे कुणी तपासले नव्हते. ते काम डोरीन नॉर्टन या ब्रिटिश नर्सने केले. तिने सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांचा बारकाईने अभ्यास करून १९६२ मध्ये निष्कर्ष मांडले. मलमांपेक्षा भार हलवण्याला, म्हणजे ठरावीक वेळाने कूस बदलण्याला महत्त्व आहे, हे त्यातून दिसले. शय्याव्रण कोणाला होण्याची भीती आहे, हे आधीच ओळखता यावे म्हणून तिने एक मोजपट्टीही दिली. शरीराची अवस्था, मनाची जागरूकता, चालण्या-फिरण्याची क्षमता, अंथरुणातल्या अंथरुणात हलण्याची क्षमता आणि मलमूत्रावरचा ताबा अशा पाच बाबींना प्रत्येकी एक ते चार गुण. एकूण वीस. बेरीज चौदा किंवा त्याहून कमी आली, की सावध व्हायचे. आज नर्सिंगची विद्यार्थिनी ही पट्टी, किंवा पुढे अमेरिकेतल्या नर्स संशोधकांनी तयार केलेली ब्रेडन पट्टी, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच वापरायला शिकते. खाटेजवळचा प्रश्न, त्याचे मोजमाप, वर्गातला धडा आणि पुन्हा खाट, असा अख्खा फेरा इथे पूर्ण झालेला दिसतो.

परळच्या केईएम रुग्णालयात या कृतीचे एक अतुलनीय उदाहरण आहे. अरुणा शानभाग तिथेच नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला आणि मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या पुन्हा उठल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू झाला. मधल्या जवळजवळ ४२ वर्षांत केईएमच्या नर्सच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांना आंघोळ घातली, भरवले, कुशीवर वळवले. त्यांच्या दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण झाले नसल्याची बाब न्यायालयापुढे मांडली गेली. ७ मार्च २०११ च्या निकालाने याचिका फेटाळली, केईएमच्या कर्मचाऱ्यांच्या निष्ठेची मनापासून दखल घेतली आणि अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांचाच मानला. भारतात निष्क्रिय दयामरणाच्या कायद्याची पायाभरणी याच निकालाने झाली, म्हणून कायद्याच्या पुस्तकांत त्याचे स्थान पक्के आहे.

नर्सिंगच्या पुस्तकातही त्याला तितकेच पक्के स्थान हवे. चार दशके हालचाल न करणाऱ्या शरीराची कातडी शाबूत ठेवणे हे भक्तीने साधत नाही. त्यासाठी नजर लागते, वेळापत्रक लागते, आहाराची समज लागते आणि एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे न चुकता जाणारी माहिती लागते. त्या नर्सनी काय केले, कोणत्या अडचणी आल्या, पद्धत कशी बदलत गेली, याची शास्त्रीय नोंद म्हणजे जगातल्या कोणत्याही नर्सिंग महाविद्यालयाला लाखमोलाचा ऐवज. अरुणा शानभाग यांच्याविषयी पुष्कळ लिहिले, बोलले गेले. पण बहुतेक चर्चा कायद्याभोवती आणि करुणेभोवतीच फिरली. त्या शुश्रूषेमागचे कौशल्य मात्र गृहीतच धरले गेले.

कोविडच्या साथीत हीच कृती वेगळ्या रूपात पुढे आली. फुप्फुसे निकामी होत चाललेल्या रुग्णाला पालथे झोपवले, तर प्राणवायू अधिक चांगला मिळतो, हे २०१३ च्या एका फ्रेंच अभ्यासाने ठसठशीतपणे दाखवले होते. दिवसातले किमान सोळा तास पालथे ठेवलेल्या गंभीर रुग्णांत २८ दिवसांतल्या मृत्यूंचे प्रमाण १६ टक्के होते, तर पाठीवर ठेवलेल्यांत ते ३२.८ टक्के. मरोळचे सेव्हन हिल्स, गोरेगावचे नेस्को मैदान आणि पालिकेची रुग्णालये रुग्णांनी भरली, त्या काळात हे ज्ञान घामाने निथळणाऱ्या पीपीई किटच्या आतून अमलात आणावे लागले. घशात नळी असलेल्या बेशुद्ध माणसाला पालथे करायला चार-पाच जण लागतात. एक जण फक्त डोके आणि नळी सांभाळतो, कारण नळी निसटली तर काही मिनिटांत खेळ खलास. अभ्यास डॉक्टरांनी केलेला असला, तरी तो रुग्णापर्यंत पोहोचतो नर्सच्या मनगटातून.

कधी शोधाची सुरुवातच नर्सच्या नजरेतून होते. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात रॉचफर्ड इथल्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सिस्टर जीन वॉर्ड सांभाळत. उन्हाळ्यात बाळांना थोडा वेळ बाहेर मोकळ्या हवेत आणि उन्हात न्यायचा त्यांचा परिपाठ होता. १९५६ मध्ये त्यांनी एका काविळीच्या बाळाला उघडे करून डॉक्टरांना दाखवले. बाळाचे अंग फिकट झाले होते, पण पोटावर एक त्रिकोणी भाग गर्द पिवळा राहिला होता. त्या जागी काही रंगवले आहे का, अशी शंका डॉक्टरांना आली. रंगवलेले काहीच नव्हते. चादरीचे टोक तिथे आल्यामुळे तेवढ्याच भागावर ऊन पडले नव्हते. पुढे उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नमुन्यातही काविळीच्या रंगद्रव्याचे प्रमाण घटल्याचे दिसले. प्रयोग झाले आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला. नवजात बाळांच्या विभागात आज जो निळसर दिवा जळतो, त्याचा उगम हा आहे. शोधनिबंधाचे लेखक म्हणून तीन पुरुषांची नावे छापली आहेत. सिस्टर वॉर्ड यांचे नाव त्यांत नाही.

कूपरमध्ये, नानावटीमध्ये, अंधेरीच्या होली स्पिरिटमध्ये, जिथे जिथे बाळंतपणे होतात तिथे तो दिवा आहे. त्याखाली बाळाच्या डोळ्यांवर पट्टी बांधणारी, दर काही तासांनी त्याची बाजू बदलणारी, पाजायला वेळेवर आईकडे देणारी नर्स रोज अशी कितीतरी निरीक्षणे करते. कोणत्या बाळाला पट्टी टोचते, कोणती आई दिव्याला घाबरून बाळाला मध्येच उचलते, पावसाळ्यात वीज गेली की काय होते. त्यांतले लिहून काय ठेवले जाते, हा प्रश्न मुंबईच्या प्रत्येक वॉर्डाला लागू आहे.

नाइटिंगेलकडेही या दृष्टीने पाहायला हवे. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मरतात, हे तिने १८५८ मध्ये आकडे मांडून आणि रंगीत आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवले. ती भारतात कधी आली नाही, पण इथल्या लष्करी छावण्यांच्या आणि खेड्यांच्या आरोग्याची माहिती तिने वर्षानुवर्षे मागवली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी गावांच्या स्वच्छतेबद्दल पत्रव्यवहारही केला. म्हणजे आधुनिक नर्सिंगच्या आरंभापासून वही आणि आकडेमोड नर्सच्या हातात आहेत.

आता थोडे आजच्या आकड्यांविषयी. अमेरिकेतल्या लिंडा एकेन या स्वतः नर्स असलेल्या संशोधिकेने सहकाऱ्यांसह युरोपातल्या नऊ देशांतली ३०० रुग्णालये आणि शस्त्रक्रिया झालेल्या ४,२२,७३० रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासात दोन गोष्टी निघाल्या. एका नर्सकडे सरासरी एक रुग्ण वाढला, की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. आणि पदवीधर नर्सचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले, की ती शक्यता ७ टक्क्यांनी घटते. पहिली गोष्ट शुश्रूषेबद्दल आहे, दुसरी शिक्षणाबद्दल. दोन्ही कळल्या संशोधनातून आणि ते संशोधन नर्सनी केले.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे शिकाऊ डॉक्टर असलेल्या रुग्णालयांत तीन रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक नर्स हवी. सरकारी किंवा पालिकेच्या जनरल वॉर्डात रात्रपाळीला गेलेल्या कुणालाही हे वाचून विषाद वाटेल. खाटांच्या मधल्या जागेत गाद्या घातलेल्या असतात आणि दोघी-तिघी साऱ्या वॉर्डाचा डोलारा सांभाळत असतात. दर दोन तासांनी कूस बदलायची हे त्यांना ठाऊक असते. हात कमी पडतात. शय्याव्रण झाले, की ठपका मात्र सिस्टरवर येतो. खासगी रुग्णालयांत अडचण पगाराची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत आणि दोनशेहून अधिक खाटा असतील, तर राज्य सरकारी नर्सइतका पगार असावा, अशी शिफारस केली. उपनगरांतल्या छोट्या नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या मुलींना विचारले, तर ती शिफारस कागदावरून किती पुढे सरकली, हे लगेच कळते. अनुभव गोळा करायचा आणि आखातात किंवा इंग्लंडला निघून जायचे, हा हिशेब मग कुणालाही पटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात २.९८ कोटी नर्स आहेत आणि ५८ लाख कमी पडतात. म्हणजे मुंबईच्या नर्सला बाहेरून बोलावणे येतच राहणार.

शिक्षणाकडे वळले, की अंतराचा प्रश्न येतो. आज एएनएम, जीएनएम, बीएस्सी, एमएस्सी, पीएचडी अशी पूर्ण शिडी उपलब्ध आहे. १९९८ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली राज्यातली नर्सिंग महाविद्यालये आली. २०२३ च्या कायद्याने १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेऊन राष्ट्रीय नर्सिंग आणि सुईण आयोगाची तरतूद केली. मुलगेही मोठ्या संख्येने येतात आणि वॉर्डात ‘ब्रदर’ ही हाक आता सवयीची झाली आहे. संशोधन अभ्यासक्रमात आहे, पदवीला प्रकल्प आहे, पदव्युत्तरला प्रबंध आहे.

पण ते प्रबंध उघडले, की एक साचा पुन्हा पुन्हा भेटतो. अमुक विषयावरच्या नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता. प्रश्नावली द्यायची, भाषण करायचे, पुन्हा तीच प्रश्नावली द्यायची, गुण वाढल्याचे दाखवायचे. गुण वाढतातच. ज्या मुलीने आठ वर्षे वॉर्डात काढली आणि शंभर प्रश्न मनात साठवले, तिला एमएस्सीला त्यांतला एकही प्रश्न घेता येत नाही. मुदत तुटपुंजी, मार्गदर्शिका वॉर्डापासून दूर गेलेली, रुग्णालयाची परवानगी मिळवणे जिकिरीचे. ट्यूटर वर्गात, इनचार्ज सिस्टर वॉर्डात, आणि दोघींची गाठ पडते ती विद्यार्थिनींच्या हजेरीपुरती.

यावर उपाय भारतातच आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने नर्सिंगचे शिक्षण आणि सेवा यांची मोट बांधली आहे. शिकवणाऱ्या अध्यापिकांकडे वॉर्डाचीही जबाबदारी असते. वर्गात जे सांगितले, ते खाटेजवळ निभावून दाखवावे लागते, आणि खाटेजवळ जे निभत नाही, ते वर्गात तसे शिकवता येत नाही. मुंबईत टाटा मेमोरियलच्या एका अभ्यासानेही धीर यावा असे काही दाखवले आहे. १९९८ पासून मुंबईतल्या झोपडवस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर तो झाला. गर्भाशयमुखाला सौम्य अॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच, लावून डोळ्यांनी तपासायची साधी पद्धत. तपासणी करणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक स्त्रिया. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्या नर्स नव्हत्या. पण नीट शिकवलेला, नीट देखरेख केलेला हात किती मजल मारू शकतो, हे त्यांनी मुंबईतच सिद्ध केले. तीन-चार वर्षे शिकलेल्या नर्सवर तेवढाच विश्वास टाकायला संकोच वाटण्याचे कारण उरत नाही.

विश्वासाचा विषय निघाला, की कामा रुग्णालय पुन्हा आठवते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी आत घुसले, तेव्हा अंजली कुलथे प्रसूतिपूर्व वॉर्डात ड्युटीवर होत्या. त्यांनी वॉर्डातल्या वीस गरोदर स्त्रियांना एका छोट्या खोलीत हलवले आणि दिवे मालवले. त्या गोंधळात एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिकक्षात नेले. पुढे न्यायालयात त्यांनी हल्लेखोर कसाबला ओळखले आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपली साक्ष मांडली. या घटनेकडे शौर्य म्हणून पाहिले गेले आणि ते योग्यच झाले. त्यात व्यावसायिक निर्णयही आहेत. कोण चालू शकते, कोणाची वेळ भरली आहे, किती जणींना किती जागेत ठेवता येईल, हे त्यांनी काही क्षणांत ठरवले. ती सवय रोजच्या ड्युटीने लागते.

सर्वांत कमी बोलले जाते ते वस्तीतल्या नर्सबद्दल. मुंबईत १९८८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याच्या प्रकल्पातून हेल्थ पोस्टचे जाळे विणले गेले आणि आजही गल्लीतले लसीकरण, गरोदर स्त्रियांची नोंद, क्षयरुग्णांचा पाठपुरावा त्याच जाळ्यावर चालतो. एएनएमच्या डब्यात बर्फाच्या चार पिशव्यांमध्ये लसी असतात. ती कुपी हातात घेते आणि आधी लेबलवरच्या गोलातला छोटा चौकोन पाहते. चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल, तर लस ठीक. तेवढाच किंवा जास्त गडद झाला असेल, तर कुपीला उष्णता लागलेली आहे, ती बाजूला ठेवायची. लस दिल्यावर आईला चार गोष्टी सांगते: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुढची कधी, आणि कार्ड जपून ठेव. मग अर्धा तास थांबवून घेते.

या साध्या कामात वर्सोव्यासारख्या ठिकाणी केवढे प्रश्न दडले आहेत. मासळी विकणारी बाई भल्या पहाटे घर सोडते. सकाळी दहाचे लसीकरण तिच्या सोयीचे आहे का? नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची पहिली मात्रा मिळालेले मूल सोळा ते चोवीस महिन्यांतल्या दुसऱ्या मात्रेला का येत नाही? मे महिन्यात गावी गेलेली कुटुंबे परत येतात, तेव्हा त्यांची राहिलेली लस कोण हुडकून काढते? २०२२ च्या अखेरीस गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ आली, तेव्हा असे प्रश्न जिवावर बेतणारे ठरले. त्यांची अर्धीअधिक उत्तरे एएनएमला आणि तिच्याबरोबर फिरणाऱ्या आरोग्य सेविकांना ठाऊक असतात. ती त्यांच्या वहीत, त्यांच्या बोलण्यात असतात. कुणी त्यांना विचारत नाही, आणि अहवालाच्या रकान्यांत फक्त आकडा मागितला जातो.

म्हणून या विषयाकडे वळणाऱ्या वाचकाला विनंती आहे, की नर्सच्या कामाविषयी वाचताना कौतुकाबरोबर काही मागण्याही मनात धराव्यात. त्या फार मोठ्या नाहीत. प्रत्येक मोठ्या वॉर्डात शय्याव्रण, घसरून पडणे, सलाईनच्या जागेची सूज यांची महिनावार नोंद व्हावी आणि ती वॉर्डाच्या भिंतीवर लागावी. इनचार्ज सिस्टरला आठवड्यातला काही वेळ ड्युटीतून मोकळा मिळावा आणि त्या वेळात तिने आपल्या वॉर्डातला एक प्रश्न मोजावा. जवळच्या महाविद्यालयातल्या एमएस्सीच्या विद्यार्थिनीने साचेबंद विषय सोडून तोच प्रश्न प्रबंधाला घ्यावा आणि शोधनिबंधावर दोघींचेही नाव असावे. अध्यापिकेने आठवड्यातून ठरावीक दिवस युनिफॉर्म घालून रुग्ण सांभाळावेत. हेल्थ पोस्टच्या एएनएमला लसीकरणाची वेळ वस्तीच्या सोयीने बदलून पाहण्याची आणि त्याचा परिणाम लिहून ठेवण्याची मुभा असावी. कूपरपासून कोळीवाड्यापर्यंतच्या काही किलोमीटरांत यांतली प्रत्येक गोष्ट करता येण्याजोगी आहे. त्यासाठी रिकामी पदे भरावी लागतील, आणि ती भरेपर्यंत ही मागणी नर्सच्या संघटनांनी एकट्यांनी करायची नसून रुग्णांनी आणि त्यांच्या नातेवाइकांनीही करायची आहे.